सात घरांची बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज शहराचा विकास आराखडा लोकांसाठी खुला झाला. सभागृहाच्या तीन भिंतींवर चौदा नकाशे टांगले. राहण्याच्या जागा पिवळ्या, दुकानं निळी, मैदानं हिरवी, आणि जिथे रस्ता रुंद होणार तिथे लाल रेघ. तीन वर्षं हे काम माझ्या टेबलावर होतं. "लोक नकाशा बघत नाहीत, आपलं घर बघतात," असं साहेब सकाळीच म्हणाले होते. तसंच झालं. माणसं आत येतात, आधी बाजार किंवा शाळा शोधतात, तिथून बोटानं गल्लीगल्लीतून चालत आपल्या दाराशी येतात आणि थांबतात. संध्याकाळपर्यंत नकाशांवरचं प्लास्टिक ठशांनी मळून गेलं.

साडेअकराच्या सुमाराला बाबा आले. दुकान बंद करून तसेच आले असणार, गळ्यात टेप होता. नऊ नंबरच्या नकाशासमोर चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले. आमच्या रस्त्याच्या एका बाजूला सात बैठी घरं आहेत, त्यातलं चौथं आमचं. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणाचं दुकान. लाल रेघ सातही घरांच्या तीन मीटर आतून जाते. दुकान तीन मीटर दहा सेंटिमीटर खोल आहे.

बाबांचं बोट त्या रेघेवर बराच वेळ होतं. मग पाहुण्यांकडे गेल्यावर सगळ्या खोल्या बघाव्यात तसे त्यांनी बाकीचे तेरा नकाशेही बघितले आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असेलही, मी फायलीत डोकं घातलं होतं.

जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे का गं?"

मीठ बरोबर होतं. मी "हो" म्हणाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसचं घरात बोलायचं नाही, हा नियम माझा. नोकरी लागली तेव्हाच केला, कारण लोक शर्टाचं माप द्यायला म्हणून दुकानात यायचे आणि बाबांना म्हणायचे, "जरा मुलीच्या कानावर घाला ना." बाबांनी कधी काही कानावर घातलं नाही. नियम मात्र राहिला. आता आम्ही दोघंच घरात, आणि इतक्या वर्षांत आमच्यात बोलण्यासारख्या गोष्टींपैकी निम्म्या त्या नियमाखाली गेल्या आहेत.

म्हणजे बाबांना त्यांच्या दुकानाचं भवितव्य परक्या माणसासारखं भिंतीवर वाचावं लागलं. आराखडा जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवायचा असतो, हे खरं. जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी सांगू शकले असते का? सोमवारी मी त्यांच्या समोर बसून चहा प्यायले आणि हवा गार झाली आहे, एवढंच बोलले.

तांत्रिकदृष्ट्या रेघ बरोबर आहे. रस्ता नऊ मीटरचा आहे, बाराचा व्हायला हवा. समोर चार मजली इमारत, तिला हात लावता येत नाही. म्हणून तीनही मीटर आमच्या बाजूनं. ऑक्टोबरात मी आधी दोन्हीकडून दीड दीड मीटर घेऊन रेघा ओढल्या होत्या. मग वाटलं, हे मला सोयीचं आहे. आणि सोयीचं आहे म्हणजे त्यात कुठेतरी माझं मन घुसलं असणार. पुसून टाकलं. त्या दिवशी घरी येताना मला हलकं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खिडकीतून बघितलं तर बाबा रस्त्यात वाकून कपड्याच्या टेपनं काहीतरी मोजत होते. दीड मीटरचा टेप. टोकाशी खडूची खूण करायची, पुढे सरकायचं, पुन्हा खूण. एक दूधवाला सायकल थांबवून बघत होता. बाबा त्याला काहीतरी म्हणाले आणि तो सायकल स्टँडवर लावून टेपचं दुसरं टोक धरायला गेला.

दुकानाचं किती जाणार ते मोजत असतील. मला विचारलं असतं तर सेंटिमीटरपर्यंत सांगितलं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भर रस्त्यात वाकलेला बघवेना, म्हणून मी खिडकीतून बाजूला झाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या काकूंनी फाटकाशीच गाठलं. काकू पाळणाघर चालवतात; पुढच्या खोलीत अकरा मुलं असतात. मी कॉलेजात असताना माझ्या परीक्षांच्या दिवसांत त्या मुलांना मागच्या अंगणात नेऊन बसवायच्या, भिंत एकच म्हणून.

"अगं, मला एक सांग. त्या रेघेच्या आत माझा फळा येतो की बाहेर?"

"काकू, फळ्याची भिंत... आत येते."

"आत म्हणजे रस्त्यात?"

"हो."

"मग मुलं बसायची कुठे? स्वयंपाकघरात अकरा मावत नाहीत. मी एकटी जेमतेम मावते." त्या स्वतःच हसल्या. "आणि छप्पर गळतंय, त्याची परवानगी मागायला गेले तर तुझ्या ऑफिसातला तो पोरगा म्हणतो, आराखडा पक्का होईपर्यंत काही करता येणार नाही. मग तोपर्यंत बादल्या लावते."

मी म्हणाले, "हरकत नोंदवा. पाच मार्चपर्यंत मुदत आहे. छापील अर्ज मिळतो."

"हरकत घेऊ? तुझ्यावर?"

"माझ्यावर नाही. आराखड्यावर."

काकूंनी माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायच्या तसा. "नको बाई. तू तुझ्या बापाचंही घर घातलंयस त्यात. मग काही इलाज नसेलच. एवढं मला कळतं."

आमचं घर त्यात आहे म्हणून त्यांना माझा शब्द पटला. ऑक्टोबरात मला नेमकं हेच हवं होतं. मग आज जेवण का गेलं नाही?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आवक खिडकीवरचे भाऊ दुपारी माझ्या टेबलाशी आले. चेहरा हसू दाबल्यासारखा.

"मॅडम, दोनशे बारा नंबरची हरकत. अर्जदार रांगेत चाळीस मिनिटं उभे होते. म्हटलं, काका, तुम्ही आत जाऊन मॅडमकडेच द्या की. तर मला म्हणाले, 'मॅडम म्हणजे कोण?'"

"मग?"

"मग काय. पोच मागितली, शिक्का नीट उमटला का ते उजेडात धरून बघितलं, घडी करून खिशात ठेवली आणि गेले. खाली बेंचवर बसून पाणी प्यायले." भाऊ थोडे घुटमळले. "दमले होते, मॅडम."

मी तेव्हा जेमतेम पंधरा पावलांवर होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हरकत वाचली. रेघांच्या कागदावर बाबांचं गोल अक्षर. जशीच्या तशी उतरवते.

"विषय : रस्त्याचा मध्य चुकल्याबाबत. मी शिंपी आहे. शर्ट ढिला करायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणी सारख्या उसवाव्या लागतात. एकच उसवली तर बटणपट्टी मध्यावरून सरकते. आमच्या रस्त्याच्या मध्यावर गटाराची झाकणं एका ओळीत आहेत. तिथून आमच्या भिंतींपर्यंत साडेचार मीटर भरतात आणि समोरच्या कुंपणांपर्यंतही साडेचार. समोरच्या चार मजली इमारतीच्या कुंपणाच्या आत भिंतीपर्यंत आणखी तीन मीटर जागा मोकळी आहे. ती तिथल्या दाताच्या डॉक्टरांच्या परवानगीने मोजली. तरी रस्ता दोन्ही बाजूंनी दीड दीड मीटर वाढवावा. ही हरकत माझं घर वगळून बाकीच्या सहा घरांपुरती वाचावी. माझ्या घराबाबत जे ठरलं आहे ते मला मान्य आहे."

शेवटची दोन वाक्यं मी किती वेळा वाचली. इतका राग? माझ्याकडून काही घ्यायलाही नको? रेघ एका घरापुरती वाकत नाही, हे न समजण्याइतके बाबा भोळे नाहीत. मग असं लिहून मला काय सांगायचं आहे?

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या निळ्या कुडत्याची उसवलेली बाही शिवून खुर्चीवर ठेवली होती. मी सांगितलं नव्हतं. रागावलेला माणूस असं करतो का, की रागावलेलाच करतो?

६ मार्च, शुक्रवार

काल मुदत संपली. एकूण चारशे सहा हरकती. प्रत्येकीवर विभागाचा अभिप्राय लिहायचा आहे. दोनशे बारा नंबरची फाइल घेऊन मी साहेबांकडे गेले. म्हणाले, "सर, ही मी लिहू नये. अर्जदार माझे वडील आहेत, तुम्हाला माहीत आहे."

साहेबांनी मान वर केली नाही. "तुझंही घर त्यातच जातंय ना? मग तुझ्यावर कोण संशय घेणार? चारशे सहा आहेत, माणसं तीन. लिही, सही मी करतो."

टेबलाशी येऊन लिहिलं : 'समोरील बाजूस बहुमजली बांधकाम असल्याने त्या बाजूने रुंदीकरण व्यवहार्य नाही. हरकत अमान्य करावी.' ऑक्टोबरातलंच वाक्य. हात सरावानं चालला.

१२ मार्च, गुरुवार

अभिप्रायांना पुरावे जोडायचे म्हणून आज रेकॉर्ड रूममधून समोरच्या इमारतीचा मंजूर नकाशा काढला. धुळीची फाइल, आत बारा घड्या घातलेला निळा कागद. पुढचं सोडलेलं अंतर : तीन मीटर.

बाबांचं माप बरोबर आहे. त्या बाजूनं दीड मीटर घेतलं तर कुंपण जाईल, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायऱ्या जातील, स्कूटर लावायची जागा आक्रसेल. इमारतीच्या एका विटेलाही धक्का लागत नाही.

हा कागद ऑक्टोबरातही याच कपाटात होता. आमच्या मजल्यापासून एक जिना खाली. बाकी सगळ्या शहरात रेघ ओढताना मी प्रत्येक वेळी हा जिना उतरले. एका शाळेच्या भिंतीसाठी चारदा उतरले होते. आमच्या रस्त्यासाठी एकदाही नाही. का, ते मला माहीत आहे. खाली जाऊन हा आकडा दिसला असता तर दीड मीटर घ्यावे लागले असते, आणि मग कोणीतरी म्हणालं असतं की बाईंनी बापाचं दुकान वाचवलं. ते ऐकायला लागू नये म्हणून मी न तपासता 'व्यवहार्य नाही' असं लिहिलं.

स्वतःचं घर दिलं म्हणून मी स्वतःला स्वच्छ समजत होते. घर माझंच होतं का? बाबांचं. आणि त्याच्या बरोबरीनं आणखी सहा. काकूंचा फळा मी माझ्या नावाला डाग नको म्हणून दिला.

१३ मार्च, शुक्रवार

अभिप्राय फाडला. नवा लिहिला : 'हरकतीत तथ्य आहे. दोन्ही बाजूंनी समान रुंदीकरण शक्य आहे.' साहेबांनी न वाचता सही केली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाट बघायला हवी होती. बघितली नाही. हाही भित्रेपणाच.

२४ मार्च, मंगळवार

सुनावणी. तिघांची समिती, मधे अध्यक्ष बाई, पांढरे केस, बोलणं तुटक. एका बाजूला साहेब आणि मी. अर्जदारांनी एकेक करून यायचं, पाच मिनिटं बोलायचं.

बाबा पावणेचारला आत आले. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली. अध्यक्ष बाईंना नमस्कार केला, मग साहेबांना, मग मला, तिघांना सारखाच.

"आजोबा, तुमच्या घराचं जे ठरलंय ते मान्य आहे असं लिहिलंत. मग आलात कशाला?"

"शेजाऱ्यांसाठी. ती सहाजणं अर्ज करायला तयार नव्हती."

"का?"

"भीड पडली."

"कोणाची?"

"ते जाऊ द्या बाईसाहेब. माप बघा. माप मी तीनदा घेतलंय, एकदा उलट बाजूनं."

"ते बघतेच. पण स्वतःचं घर का वगळलंत, ते सांगा. रस्ता सरळ असतो हो. तुमच्या घरापुरताच आत वळवून कसा न्यायचा?"

"ते आपण ठरवा. मी मागितलं नाही, एवढं कागदावर असू द्या, म्हणजे झालं. पुढे कोणाला कोणी बोलायला नको."

तेव्हा मला समजलं. महिनाभर जो राग म्हणून मी वाचत होते तो राग नव्हताच. मी जे केलं तेच बाबा करत होते. फरक एवढाच, की त्यांनी ते फक्त स्वतःचं देऊन केलं होतं.

"मॅडम, विभागाचं म्हणणं?" अध्यक्ष बाई माझ्याकडे वळल्या.

मी उभी राहिले. अभिप्राय वाचून दाखवला असता तर काम झालं असतं. हरकत मान्य झाली असती आणि ऑक्टोबर कोणाला कळला नसता. मी म्हणाले, "आधी एक सांगायचं आहे. अर्जदार माझे वडील आहेत. त्यांच्याबरोबर मी याच घरात राहते. ही रेघ मी आखली. समोरच्या इमारतीचा मंजूर नकाशा न बघता आखली. बाकी कुठेही मी असं केलेलं नाही. घरच्यांना सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून मी सगळं रुंदीकरण आमच्या बाजूला घेतलं. त्यात बाकीची सहा घरं विनाकारण गेली."

साहेब छताकडे बघत होते. बाबा आपल्या चपलांकडे.

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे वडिलांचा फायदा होऊ नये म्हणून सात घरं घेतलीत?"

"हो."

"नातेवाइकांसाठी वाकवलेल्या रेघा मी पुष्कळ बघितल्या. ही पहिलीच उलटी वाकवलेली." मग समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "वाकडी ती वाकडीच. जागेवर दुसऱ्या कोणालातरी पाठवून फेरमोजणी करून घ्या." बाबांना म्हणाल्या, "आजोबा, बसा जरा, पाणी घ्या."

"नको, निघतो," बाबा म्हणाले. "बाहेर अजून बरेच जण थांबलेत."

दाराशी जाऊन ते वळले. मान किंचित हलवली फक्त, आणि गेले.

२५ मार्च, बुधवार

साहेबांनी सकाळी बोलावलं. "मला आधी सांगायला हवं होतंस. तिथे सगळ्यांसमोर ऐकायला लावलंस."

"हो सर. चुकलं."

"लिही म्हणणारा मीच होतो, ते आहेच." ते बराच वेळ टाचणीचा डबा फिरवत बसले. "आराखड्याचं काम आता तुझ्याकडे ठेवता येणार नाही. उद्यापासून बांधकाम परवानगीच्या खिडकीवर बस. शिक्षा म्हणून नाही हं." मग म्हणाले, "शिक्षाही आहे थोडी."

तीन वर्षांचे चौदा नकाशे दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवले. वाईट वाटलं. वाटायला नको होतं असं काही नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर सरळ दुकानात गेले. बाबा काज करत होते.

"तुम्हाला माझा राग आला होता?"

"कधी?"

"नकाशा बघितलात तेव्हा."

सुईत दोरा ओवून झाल्यावरच ते बोलले. "आला होता की. दुकान जाणार म्हणून नाही. तू विचारलं असतंस तर दिलं असतं, आता गिऱ्हाईक तरी किती येतं. पण मी माझं दिलं असतं. काकूंचं द्यायला मी कोण? आणि तू तरी कोण?"

"मग मला घरीच का नाही बोललात?"

"घरी बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ऑफिसात बोलायला गेलो तर तिथे रांग."

मला हसू आलं आणि मग नुसतं हसूच राहिलं नाही. बाबांनी समोरची कापडाची पट्टी माझ्याकडे सरकवली. "यानं डोळे पूस. अस्तराचं आहे, पाणी धरत नाही, पण पूस."

१० एप्रिल, शुक्रवार

समितीची शिफारस आज फलकावर लागली. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दीड दीड मीटर. पुढे सभेची मंजुरी, मग सरकारची, वर्ष जाईल. प्रत्यक्ष रस्ता व्हायला आणखी किती, कोणी सांगावं. पण रेघ कुठे येणार ते ठरल्यामुळे छपराच्या अर्जावर सोमवारपासून विचार करता येईल, आणि ती खिडकी आता माझी आहे. काकूंचा अर्ज मी शेजारच्या टेबलावर देणार आहे.

काकूंना सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अर्धी खोली राहते. सहा मुलं मावतील. पाच घरी पाठवावी लागतील तेव्हा." मग म्हणाल्या, "कोणती पाच, ते तू सांगायला ये हं." चेष्टेत म्हणाल्या, पण पूर्ण चेष्टेत नाही. दुकानाचीही निम्मी खोलीच उरणार. मशीन राहील, कापायचं टेबल आत घ्यावं लागेल. दीड मीटर कोणाच्यातरी घरातूनच येतात. हे मी वीस वर्षं नकाशावर बघत आले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

रस्ता ओलांडताना दाताचे डॉक्टर आपल्या पायऱ्यांवर उभे होते. या पायऱ्या आता जाणार. "काय मॅडम," ते म्हणाले, "वाचवलंत की वडिलांचं दुकान."

जे ऐकायला लागू नये म्हणून एवढं सगळं केलं, ते आज भर रस्त्यात ऐकलं. मी म्हणाले, "निम्मं वाचलं, डॉक्टर. तुमच्या पायऱ्यांचं वाईट वाटतं." ते पायऱ्या चढून आत गेले.

दुकानात येऊन बाबांना सांगितलं. मशीन चालू होतं, ते थांबले नाहीत.

"मग खोटं काय बोलले? वाचवलंसच. बाकीची सहा त्यांना दिसली नसतील." थोडं पुढे शिवून झाल्यावर म्हणाले, "त्यांचाच कोट आहे हा. बाह्या जरा आखूड ठेवू का?"

"बाबा."

"बरं बरं. मापातच करतो."

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. दुसरी बाही लागेपर्यंत बसून होते.